झोप स्वस्त, दार महाग: लिनक्स कर्नलच्या आयडल मार्गावरचा भार कसा मोजायचा आणि उतरवायचा

प्रोसेसरच्या एखाद्या कोअरकडे (स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाकडे) काम उरलं नाही की कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, त्याला झोपवतो आणि काम आलं की उठवतो. झोपेत वीज वाचते, पण झोपवण्याउठवण्याचा विधी, म्हणजे झोपेचं दार, फुकट होत नाही. झोप दहा मिलिसेकंदांची असेल तर हा खर्च जाणवतही नाही. दहा मायक्रोसेकंदांची असेल तर नाकापेक्षा मोती जड होतो.

साधा हिशेब करा. समजा, एक कोअर सेकंदाला ४०,००० वेळा झोपतो आणि उठतो, आणि प्रत्येक फेरीत कर्नलचं स्वतःचं काम अडीच मायक्रोसेकंदांचं आहे. म्हणजे सेकंदातले १०० मिलिसेकंद, कोअरचा दहावा हिस्सा, नुसता ये-जा करण्यात गेला. नेटवर्क पॅकेटं हाताळणाऱ्या किंवा दोन प्रोसेसमध्ये सतत निरोप फिरवणाऱ्या यंत्रांवर असे आकडे अगदी शक्य आहेत.

नवीन माणसाची पहिली धाव थेट कोडकडे असते. माझा आग्रह उलटा आहे. आधी दारातून किती वेळा ये-जा होते ते मोजा, मग त्यातल्या किती फेऱ्यांत अंदाज चुकला ते पाहा, आणि कोडला सगळ्यात शेवटी हात लावा. हा लेख त्याच क्रमाने जातो.

एक सूचना: आदेश, फाइली आणि फंक्शनांची नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीतच टाइप करायची.

दारात नेमकं काय घडतं

प्रत्येक कोअरचा एक आयडल टास्क असतो. परफ या मोजमापाच्या साधनाच्या अहवालात तो ‘स्वॅपर’ या जुन्या नावाने दिसतो. शेड्युलरला (कोणतं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या भागाला) दुसरं काही चालवण्याजोगं सापडलं नाही की हा टास्क ‘डू_आयडल’ या फंक्शनात फिरत राहतो. हे कोड कर्नलच्या शेड्युलर फोल्डरात आयडल नावाच्या फाइलीत आहे. फाइल लहान आहे, एका बैठकीत वाचून होते, आणि वाचायलाच हवी.

आत शिरताना घटनांची रांग साधारण अशी असते. कोअरवरचे इंटरप्ट (चालू काम थांबवून लक्ष वेधणारे संकेत) बंद होतात. मग ‘सीपीयूआयडल’ उपप्रणालीतला गव्हर्नर ठरवतो की किती खोल झोपायचं. त्यासाठी पुढचा टायमर कधी वाजणार हे कळावं लागतं, म्हणजे टायमर व्हील आणि हाय-रेझोल्यूशन टायमर, दोन्हीकडे डोकावावं लागतं. झोप लांब असेल असं वाटलं तर नियमित टिक (ठरावीक अंतराने येणारा घड्याळाचा इंटरप्ट) थांबवला जातो आणि घड्याळाचं हार्डवेअर नव्याने प्रोग्रॅम होतं. आरसीयूला (सामाईक डेटा लॉकशिवाय वाचू देणाऱ्या यंत्रणेला) कळवलं जातं की आता या कोअरची वाट पाहू नकोस. शेवटी ड्रायव्हर प्रोसेसरला एमवेटसारखी झोपण्याची सूचना देतो आणि कोअर झोपतो. उठल्यावर हीच रांग उलटी: घड्याळ वाचा, किती झोपलो ते नोंदवा, आरसीयूला परत बोलवा, गरज असेल तर टिक सुरू करा, शेड्युलरकडे जा.

खोल अवस्थांत याहून भर पडते. प्रोसेसरच्या सुरक्षा त्रुटींवर जे उपाय कर्नलमध्ये आले, त्यांतले काही नेमके याच दारात बसले आहेत. काही जुन्या प्रोसेसरांवर खोल झोपेत कोअरचा स्वतःचा टायमरही बंद पडतो, मग दुसऱ्या घड्याळाकडून जागं करून घ्यावं लागतं. त्या नोंदीचं लॉक (एका वेळी एकालाच हात लावू देणारं कुलूप) सगळ्या कोअरांना सामाईक असतं. कोअर जितके जास्त, तितकी त्या लॉकवर गर्दी. नव्या प्रोसेसरांत टायमर झोपेतही चालू राहतो, म्हणून तिथे ही कटकट नाही.

२००७ साली कर्नलच्या २.६.२१ आवृत्तीत टिक थांबवण्याची सोय आली तेव्हा तो वीज वाचवण्याचा मोठा टप्पा होता. पण टिक थांबवणं आणि पुन्हा चालू करणं हेही कामच. म्हणून २०१८ च्या ४.१७ मध्ये रांगेचा क्रम बदलला: आधी गव्हर्नर झोपेचा अंदाज करतो, आणि झोप छोटी ठरली तर टिकला हातच लावला जात नाही.

पायरी १: प्रयोगासाठी यंत्र स्थिर करा

मोजमाप खऱ्या हार्डवेअरवर करा. व्हर्च्युअल मशीनमध्ये झोपेची सूचना होस्टकडे जाते आणि आकडे भलत्याच गोष्टीचे निघतात. सीपीयू फ्रीक्वेन्सीचा गव्हर्नर तात्पुरता ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. नाहीतर घड्याळाचा वेग वरखाली झाल्याचा परिणाम आयडलच्या माथी मारला जाईल. ब्राउझर, इंडेक्सिंग, बॅकअप बंद करा. रूट अधिकार लागतील. सीपीयूपॉवर, परफ, टर्बोस्टॅट आणि पॉवरटॉप ही चार साधनं पुरतात.

पायरी २: आपल्या यंत्राच्या झोपा ओळखा

‘सीपीयूपॉवर आयडल-इन्फो’ चालवा. ड्रायव्हर कोणता, गव्हर्नर कोणता आणि अवस्था कोणत्या, हे एका पानात कळतं. हीच माहिती ‘/सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयू०/सीपीयूआयडल’ या फोल्डरात स्टेट०, स्टेट१ अशा पोटफोल्डरांत मिळते.

प्रत्येक अवस्थेचे दोन आकडे महत्त्वाचे. ‘लेटन्सी’ म्हणजे उठायला लागणारा जास्तीत जास्त वेळ. ‘रेसिडेन्सी’ म्हणजे निदान इतका वेळ झोपलो तरच ही अवस्था परवडली. दोन्ही मायक्रोसेकंदांत. इंटेलच्या स्कायलेक सर्व्हर चिपांसाठी कर्नलमधला तक्ता पाहा (अवस्था एकाहून एक खोल, आकडे लेटन्सी आणि रेसिडेन्सी या क्रमाने): सी१ साठी २ आणि २, सी१ई साठी १० आणि २०, आणि सी६ साठी १३३ आणि ६००. सी१ई आणि सी६ यांच्यात केवढी मोठी दरी आहे! शंभर मायक्रोसेकंदांच्या झोपेसाठी चुकून सी६ निवडली, तर वीजही वाचत नाही आणि उठायला उशीर होतो तो वेगळाच. बहुतेक तक्रारींचं मूळ या दरीत असतं.

एक्स८६ वर (इंटेल आणि एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरांवर) स्टेट० बहुधा ‘पोल’ असते. ती झोप नव्हेच, डोळे उघडे ठेवून पडून राहणं आहे. एआरएमवर सगळ्यात उथळ अवस्था डब्ल्यूएफआय (‘इंटरप्टची वाट पाहा’) सूचनेची असते.

पायरी ३: दहा सेकंदांचा हिशेब

याच स्टेट फोल्डरांत चार मोजणी-फाइली कामाच्या आहेत: यूसेज, टाइम, अबव्ह, बिलो. तुमचं नेहमीचं काम चालू ठेवा, चारही वाचा, दहा सेकंद थांबा, पुन्हा वाचा आणि वजाबाकी करा. दहा ओळींची शेल स्क्रिप्ट पुरते. हे मी तयार साधनावर सोडत नाही. स्वतः वजाबाकी केली की आकडे डोक्यात बसतात.

यूसेजमधला फरक भागिले दहा म्हणजे सेकंदाला दारातून किती फेऱ्या झाल्या. टाइमचा फरक भागिले यूसेजचा फरक म्हणजे सरासरी झोप. ‘अबव्ह’ म्हणजे ही अवस्था निवडली पण झोप तिच्या रेसिडेन्सीपेक्षा छोटी निघाली: उगाच खोल गेलो. ‘बिलो’ म्हणजे झोप लांब निघाली आणि याहून खोल अवस्था चालली असती: उगाच उथळ राहिलो.

इथून दोन वाटा फुटतात. फेऱ्या कमी आहेत, पण सी६ च्या यूसेजपैकी मोठा भाग अबव्हमध्ये आहे? मग अंदाज चुकतोय, गव्हर्नरकडे पाहा. अंदाज बरोबर आहे, पण फेऱ्याच हजारोंनी होताहेत? मग गव्हर्नर बदलून काही होणार नाही, कोण उठवतंय ते शोधा.

एक सावधगिरी बाळगा. या फाइली कर्नलने काय *मागितलं* ते सांगतात, हार्डवेअरने काय दिलं ते नव्हे. प्रोसेसर स्वतःच्या मनाने उथळ अवस्थेवर थांबू शकतो. खरं काय मिळालं ते टर्बोस्टॅटच्या टक्केवारीत दिसतं.

पायरी ४: फेरीची किंमत काढा

‘परफ बेंच शेड पाइप’ ही चाचणी दोन टास्कांमध्ये पाइपमधून चेंडू टोलवते, डीफॉल्टने दहा लाख वेळा. ती आधी ‘टास्कसेट’ने एकाच कोअरला बांधून चालवा. दोन्ही टास्क तिथेच असल्याने मध्ये झोप येत नाही. मग दोन कोअर द्या. आता बहुधा एक टास्क चालताना दुसऱ्याचा कोअर रिकामा होतो, झोपतो आणि लगेच उठवला जातो. डोळ्याला डोळा लागतो न लागतो तोच हाक. दोन्ही वेळच्या प्रति-फेरी मायक्रोसेकंदांतली तफावत ही जागं होण्याची एकूण किंमत. त्यात दुसऱ्या कोअरला निरोप धाडण्याचा खर्चही मिसळलेला असतो, पण तुलनेला एवढं चालतं.

आता खोल अवस्था एकेक करून बंद करा. स्टेट फोल्डरातल्या ‘डिसेबल’ फाइलीत १ लिहिलं की झालं. प्रत्येक वेळी चाचणी पुन्हा चालवा. सी१ई बंद केल्यावर आकडा एकदम खाली आला तर दोष हार्डवेअरच्या लेटन्सीचा. सगळ्या खोल अवस्था बंद करूनही आकडा हलला नाही, तर भार कर्नलच्या कोडमध्ये आहे. या दोन कारणांची गल्लत झाली की आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

कोडमध्ये नेमका कुठे, ते परफ सांगतो. सगळ्या कोअरांवर ‘परफ रेकॉर्ड’ करा आणि अहवाल स्वॅपरपुरता गाळा. कोअर झोपलेला असताना सायकल मोजणारा काउंटर थांबतो. म्हणून स्वॅपरच्या नावावर जी सायकलं दिसतात ती झोपेची नसून बहुतांशी दारातल्या कामाचीच असतात. झोपेच्या सूचनेवर थोडे नमुने साचलेले दिसतील, तिकडे दुर्लक्ष करा. मेनू_सिलेक्ट, टिक_नोहर्ट्झ ने सुरू होणारी फंक्शनं, घड्याळ वाचणारी फंक्शनं आणि स्पिनलॉक (मोकळं होईपर्यंत कोअर जागच्या जागी फिरत वाट पाहतो ते लॉक) यांच्याकडे नजर ठेवा. स्पिनलॉक वर दिसला तर कॉल-ग्राफ उघडून तो कोणाचा आहे ते बघा.

पायरी ५: फेऱ्याच कमी करा

सगळ्यात स्वस्त उपाय हाच, आणि सगळ्यात दुर्लक्षित. पॉवरटॉप उठवणाऱ्यांची यादी देतो. यादीत वर दिसणारा प्रोग्रॅम बहुधा दर मिलिसेकंदाला उठून ‘काही आलं का’ असं विचारणारा निघतो. त्याला ईपोलवर, म्हणजे काही आलं की मगच उठवणाऱ्या कर्नलच्या सोयीवर, थांबायला शिकवा.

ज्याला नेमक्या क्षणी उठायची गरज नाही, त्याला टायमर स्लॅक (ठरल्या वेळेहून थोडं उशिरा उठण्याची मुभा) वाढवून द्या. साध्या थ्रेडचा स्लॅक ५० मायक्रोसेकंद असतो. तो काही मिलिसेकंदांवर नेला की जवळजवळचे टायमर एकाच जागेपणी उरकतात. तुमच्या ड्रायव्हरमधलं नियतकालिक काम खोळंबलं तरी चालणारं असेल, तर ‘डिफरेबल’ टायमर वापरा. तो झोपलेल्या कोअरला उठवत नाही, दुसऱ्या कारणाने जाग आली की आपलं काम करून घेतो.

नेटवर्क कार्डचे इंटरप्ट ईथटूल या आदेशाने थोडे एकत्र गोळा करता येतात. त्याची किंमत लेटन्सीत मोजावी लागते, हे मान्य असेल तरच करा.

पायरी ६: अंदाज सुधारा

मेनू गव्हर्नर पुढच्या टायमरची वेळ बघतो आणि शेवटच्या आठ झोपांमध्ये काही ठरावीक लय आहे का तेही तपासतो. त्यासाठी सरासरी आणि विचलन काढतो, फटकून असलेली नोंद टाकून पुन्हा काढतो. कल्पना हुशार आहे, पण प्रत्येक फेरीत इतकं गणित. २०१९ मध्ये ५.१ सोबत टीईओ हा दुसरा गव्हर्नर आला. त्याचं गृहीतक असं की सगळ्यात भरवशाचा संकेत टायमरच असतो. त्यामुळे जागेपण टायमरच्या वेळेशी किती जुळलं याची प्रत्येक अवस्थेनुसार नोंद ठेवून तो निवड करतो.

कोणता चांगला? तुमच्या कामावर दोन्ही चालवा आणि पायरी ३ चा हिशेब पुन्हा करा. अलीकडच्या कर्नलमध्ये ‘/सिस/डिव्हायसेस/सिस्टिम/सीपीयू/सीपीयूआयडल’ फोल्डरातल्या ‘करंट_गव्हर्नर’ फाइलीत नाव लिहून चालू यंत्रावरच बदल करता येतो. टीईओ कर्नलमध्ये बांधलेला आहे का ते शेजारच्या ‘अव्हेलेबल_गव्हर्नर्स’मध्ये बघा.

फक्त दोन-तीन कोअरांवरचं काम लेटन्सीला नाजूक असेल तर अख्ख्या यंत्राची झोप मोडू नका. प्रत्येक कोअरच्या पॉवर फोल्डरात ‘पीएम_क्यूओएस_रिझ्यूम_लेटन्सी_यूएस’ ही फाइल असते. तिथे २० लिहिलं की त्या कोअरवर २० मायक्रोसेकंदांहून जास्त लेटन्सीची अवस्था निवडली जात नाही. इथे एक गंमत आहे. शून्य लिहिलं तर ‘लेटन्सी अजिबात नको’ असा अर्थ होत नाही, ‘काहीच बंधन नाही’ असा होतो.

सगळ्या यंत्रासाठी ‘/डेव्ह/सीपीयू_डीएमए_लेटन्सी’ ही फाइल आहे, आणि तिने मला एकदा अर्धा दिवस रडवलं आहे. मी एको आदेशाने आकडा लिहायचो, चाचणी चालवायचो, फरक शून्य. कर्नल, बायॉस, केबल, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. कारण क्षुल्लक होतं: ही मागणी फाइल उघडी आहे तोवरच टिकते. एको संपला, फाइल मिटली, मागणी रद्द. फाइल उघडून धरून बसणारा छोटा प्रोग्रॅमच लागतो.

बूट पर्यायांबद्दल बोलायचं तर ‘आयडल=पोल’ची शिफारस इतक्या सहज केली जाते की भीती वाटते. त्याने दारच काढून टाकलं जातं हे खरं. पण सगळे कोअर सतत फिरत राहतात, तापतात, शेजारच्या कामात असलेल्या कोअरला टर्बो वेगासाठी मोकळीक उरत नाही, आणि हायपरथ्रेडिंग असेल तर भावंड थ्रेडचे स्रोत खाल्ले जातात. लेटन्सी घटली आणि एकूण कामही घटलं, असं होऊ शकतं. दुसरा सापळा ‘इंटेल_आयडल’चा ‘मॅक्स_सीस्टेट=०’. वाटतं की झोप बंद झाली. प्रत्यक्षात इंटेलचा ड्रायव्हर बंद होतो आणि त्याची जागा एसीपीआयचा (फर्मवेअरच्या मानकावर चालणारा) ड्रायव्हर घेतो, स्वतःच्या अवस्थांसह.

व्हर्च्युअल मशीनमध्ये गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक झोप म्हणजे होस्टकडे एक हेलपाटा. म्हणून हॉल्टपोल नावाचा गव्हर्नर झोपण्याआधी थोडा वेळ, डीफॉल्टने जास्तीत जास्त २ लाख नॅनोसेकंद, जागाच राहून बघतो. लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवणारा केव्हीएमही होस्टच्या बाजूने हेच करतो. दोन्हीकडे एकदम वाट बघण्यात अर्थ नाही.

पायरी ७: आता कोड

इथवर येऊनही परफ कर्नलच्याच फंक्शनांकडे बोट दाखवत असेल, तर पॅचला (कोडमधल्या बदलाला) आधार आहे.

हा मार्ग साध्या कोडसारखा नाही. इंटरप्ट बंद असतात. आरसीयू एका टप्प्यापुढे या कोअरकडे बघत नाही, त्यामुळे तिथे आरसीयूने जपलेला डेटा वाचणं किंवा सहज म्हणून प्रिंटके (कर्नलचं संदेश छापणारं फंक्शन) टाकणं म्हणजे गोंधळाला आमंत्रण. त्या भागातली फंक्शनं ‘नोइन्स्टर’ अशी खूण केलेली असतात, ट्रेसिंगनेही तिथे शिरू नये म्हणून. आणि ‘नीड_रीशेड’ची (दुसरं काम वाट बघतंय हे सांगणाऱ्या झेंड्याची) तपासणी कुठल्याही सबबीखाली पुढेमागे सरकवू नका. झोपणारा कोअर ‘मी या झेंड्यावर नजर ठेवून आहे’ असं जाहीर करतो, म्हणून दुसरे कोअर इंटरप्ट न पाठवता नुसता झेंडा उभारतात. जाहीर करणं आणि तपासणं यांचा क्रम उलटला तर झेंडा उभा राहतो आणि कोणी बघत नसतं. अशी चूक लाखात एकदा घडते, म्हणूनच ती पकडायला आठवडे लागतात.

मग काय करता येतं? कर्नलच्याच इतिहासातली दोन उदाहरणं मला शिकवायला आवडतात.

पोल_आयडल फंक्शन फिरत असताना वेळमर्यादा उलटली का ते बघतं. दर चकरेला घड्याळ वाचणं महाग पडतं, म्हणून ते २०० चकरांनंतर एकदाच वाचतं. घड्याळ वाचणं फुकट असतं असं मानून लिहिलेलं कोड तुम्हाला इतरत्रही भरपूर सापडेल.

दुसरं उदाहरण २०२३ च्या ६.६ मधलं. पुढचा टायमर शोधणारं फंक्शन महाग, आणि गव्हर्नर ते प्रत्येक वेळी हाक मारून बोलवत होते. पण उथळ अवस्थाच निवडायची हे आधीच स्पष्ट असेल तर टायमर कधी आहे याने काय फरक पडतो? मग मेनू आणि टीईओ, दोघांतही अशा वेळी ती हाक टाळली गेली. उत्तराचा उपयोग नसेल तर प्रश्नच विचारू नये. तुमचा पहिला पॅच बहुधा याच जातीचा असेल.

तिसरी जागा सामाईक डेटाची. आयडल मार्गात सगळे कोअर एकाच काउंटरला हात लावत असतील तर तो डेटा धरणारी कॅश लाइन कोअरांमध्ये चेंडूसारखी फिरते. चार कोअरांच्या लॅपटॉपवर काही दिसणार नाही, शंभर कोअरांच्या सर्व्हरवर तेच वर येईल. पर-सीपीयू, म्हणजे प्रत्येक कोअरचं स्वतःचं, व्हेरिएबल वापरा आणि बेरीज वाचणाऱ्याला करू द्या. वाचणारा क्वचित येतो.

पायरी ८: तपासणी

वेग सुधारला एवढं पुरत नाही, वीजही मोजा. टर्बोस्टॅट अख्ख्या प्रोसेसर पॅकेजचे वॉट दाखवतो. जुना कर्नल, नवा, पुन्हा जुना, पुन्हा नवा, असं आलटून पालटून चालवा. सगळ्या जुन्या धावा आधी आणि नव्या नंतर केल्या, तर तापलेल्या चिपचा परिणाम पॅचच्या खात्यात जमा होतो. तीन प्रसंग वेगळे मोजा: पूर्ण रिकामं यंत्र, हलकं पण सतत टोचणारं काम, आणि पूर्ण भार. आयडलच्या पॅचची परीक्षा मधल्या प्रसंगात होते. पहिल्यात वॉट वाढले नाहीत ना आणि तिसऱ्यात काही बदललं नाही ना, एवढंच बघायचं.

प्रयोग संपल्यावर ‘सीपीयूपॉवर आयडल-सेट’ला मोठ्या ई चा पर्याय देऊन बंद केलेल्या अवस्था पुन्हा चालू करा आणि फ्रीक्वेन्सीचा गव्हर्नर मूळ जागी आणा. हे विसरलात तरी रीबूटनंतर सिसमधले बदल पुसले जातात. बूटलोडरमध्ये लिहिलेले पर्याय मात्र तसेच राहतात, ते आठवणीने काढा.